रझांचा बिंदू : जाणे आणि परत येणे

कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे त्याने वेतन, बोनस, महागाई, किंवा फार तर कामगार कायदे यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती गैर नाही. तथापि ज्या माणसांच्या वेतनासाठी झगडावयाचे, ती माणसे कोठून येतात, कोठे जातात आणि कशाच्या ओढीने परत फिरतात, हे समजून घेणे हाही आमच्या कामाचाच भाग आहे. गाव सोडणे आणि गावी परतणे या दोन गोष्टींभोवती आमच्या ओळखीच्या कितीतरी कामगारांची आयुष्ये फिरत राहिली. याच दोन गोष्टी एका मोठ्या चित्रकाराने जन्मभर रंगवल्या, आणि त्याही अशा की त्या चित्रांत पुढे पुढे ना गाव दिसते, ना वाट, ना माणूस. त्या चित्रकाराचे नाव सय्यद हैदर रझा. त्यांच्या चित्रांत आपल्यासारख्यांनी पाहावे असे काय आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आपल्याच प्रांतातला मुलगा

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी झाला. मंडला आज मध्य प्रदेशात आहे, म्हणून ते आपल्याला परके वाटते. परंतु त्या काळी मंडला आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्यप्रांतात होते आणि दोघांचीही राजधानी नागपूर होती. आपल्या तालुक्यातील जामवरून जो महामार्ग नागपूरला जातो, तोच पुढे सिवनीकडे जातो आणि सिवनीहून मंडल्याची वाट फुटते. रझांचे गाव आपल्यापासून असे एका सडकेच्या अंतरावर आहे.

वडील जंगल खात्यात रेंजरच्या हाताखालचे अधिकारी होते. त्यामुळे मुलाचे बालपण नर्मदेच्या खोऱ्यातल्या दाट रानात गेले. त्या रानातल्या रात्रींची भीती रझांना आयुष्यभर आठवत होती. दिवे नाहीत, माणसांची चाहूल नाही, सगळीकडे काळोख, आणि मधूनच कोठेतरी गोंडांच्या नाचाचे आवाज. मग सकाळ व्हावयाची, आठवड्याचा बाजार भरावयाचा, आणि रात्री ज्या रानाने धडकी भरवली तेच रान ऊन, कापडचोपड आणि माणसांच्या गर्दीने रंगून जावयाचे. काळोखातून एकाएकी उजळणारा रंग हा रझांच्या चित्रांचा जो विशेष पुढे जगाने वाखाणला, त्याचे मूळ या रानात आहे.

ककैया येथील प्राथमिक शाळेत नंदलाल झारिया नावाचे मास्तर होते. मुलगा चंचल होता, त्याचे लक्ष अभ्यासात राहत नसे. मास्तरांनी त्याला छडी मारली नाही. शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसावयास सांगितले. ही गोष्ट रझा वृद्धपणीही सांगत असत. पुढे पन्नास वर्षांनी हाच ठिपका त्यांच्या चित्रात ‘बिंदू’ म्हणून आला. तो मधल्या काळात कोठे होता, हे पाहण्यासाठी त्यांचा प्रवास थोडक्यात समजून घेऊ.

नागपूर, मुंबई, पॅरिस

दमोहला हायस्कूल संपवून रझा १९३९ मध्ये नागपूरच्या चित्रकला शाळेत आले. तेथे बापूराव आठवले हे त्यांचे गुरू होते. १९४३ पर्यंत ते नागपुरास शिकले, म्हणजे सेवाग्रामहून ज्या वर्षांत देशाचे राजकारण हलत होते, त्याच वर्षांत रझा तेथून जवळच नागपुरात होते. नंतर ते मुंबईस गेले. सर जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले, पण पोटासाठी त्यांना एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी करावी लागली. छपाईसाठी चित्रांचे धातूचे ठसे तयार करणाऱ्या कारखान्यास ब्लॉक स्टुडिओ म्हणत. म्हणजे पुढे ज्याची चित्रे कोट्यवधींना गेली, त्या माणसाने तरुणपणी छापखान्याच्या धंद्यात मजुरी केली आहे. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण कलावंत आणि कामगार या दोन निरनिराळ्या जाती आहेत अशी समजूत आपल्याकडे फार पसरली आहे.

१९४७ मध्ये मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला. सूझा, हुसेन, आरा, रझा, गाडे आणि बाकरे असे सहा जण त्याचे संस्थापक होते. त्यांतील हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. या सहांपैकी बहुतेकांच्या घरी पैसा नव्हता. साहेबी थाटाची नक्कल करावयाची नाही आणि जुन्याचे नुसते गोडवेही गावयाचे नाहीत, असा त्यांचा निर्धार होता.

त्याच सुमारास रझांचे घर मोडले. १९४७ मध्ये आई गेली, १९४८ मध्ये वडील गेले. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली. त्यांचे धाकटे भाऊ अली इमाम हेही चित्रकार होते. त्यांनी पुढे कराचीत इंडस गॅलरी चालवली. रझा मात्र भारतातच राहिले. लहानपणी मंडल्याला त्यांनी गांधीजींना पाहिले होते. त्या माणसाचा देश सोडणे म्हणजे त्याच्याशी बेइमानी करणे होईल, असे आपल्याला वाटले, ही गोष्ट ते नंतर सांगत. वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला हे वाचताना थोडा थांबावेसे वाटेल. ज्याचे सारे नातलग सीमेपलीकडे गेले, त्याने केवळ एका दर्शनाच्या आठवणीवर आपला देश ठरवला.

१९४८ साली काश्मिरात त्यांची गाठ कार्तिए-ब्रेसाँ या जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. त्याने चित्रे पाहून सांगितले की रंग चांगले आहेत, पण चित्राची बांधणी कच्ची आहे. सेझानची चित्रे अभ्यासा. घर बांधणारा गवंडी ज्या अर्थाने बांधणी म्हणतो, त्याच अर्थाने हा शब्द घ्यावा. टीका मनावर घेऊन रझा फ्रेंच भाषा शिकले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० च्या ऑक्टोबरात पॅरिसला गेले. शिक्षणासाठी गेलेला हा माणूस साठ वर्षे तेथे राहिला. १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचे ‘प्री द ला क्रितिक’ हे पारितोषिक त्यांना मिळाले. ते मिळवणारे ते पहिलेच परदेशी चित्रकार. १९५९ मध्ये त्यांनी जानीन मोंजिला या फ्रेंच चित्रकर्तीशी विवाह केला. इतके सारे होऊनही नागरिकत्व त्यांनी भारताचेच ठेवले.

अमूर्त चित्र पाहावे कसे?

येथे अनेकांच्या मनातला प्रश्न हाताळला पाहिजे. ‘अमूर्त चित्रात काय काढले आहे ते कळत नाही, मग ते पाहावयाचे कसे?’ हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे जे म्हणतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे.

सकाळी अंगण सारवून दारापुढे रांगोळी घातली जाते. आधी ठिपके पडतात, मग ते रेषांनी जोडले जातात. ती रांगोळी कशाचे चित्र आहे असे कोणी विचारीत नाही. ती नीट साधली की मन प्रसन्न होते, एखादी रेष चुकली की सहा वर्षांच्या मुलीलाही ती खुपते. लुगड्याचा काठ घ्या. त्यातली नक्षी कोणासारखी दिसते? शिवेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला नाक-डोळे नसतात, तरी बाई तेथे पदर सावरून हात जोडते. आकार आणि रंग कशाचीही नक्कल न करता माणसाशी बोलू शकतात, हे आपल्या समाजाला नवे नाही. कपाळावरचे कुंकू हाही एक बिंदूच आहे, आणि ते पुसले गेले म्हणजे काय होते हे कोणा पंडिताने समजावून सांगावे लागत नाही.

अमूर्त चित्र याच मार्गाने पाहावे. हे काय आहे असे न विचारता, येथे काय चालले आहे असे विचारावे. कोणता रंग पुढे येतो, कोणता मागे हटतो? नजर कोठून आत शिरते, कोठे फिरते, कोठे विसावते? चित्रातली हालचाल म्हणतात ती हीच. कॅनव्हास स्थिर असतो. फिरत असते ती आपली नजर, आणि तिला फिरवण्याचे काम चित्रकाराने केलेले असते.

चित्रांचा प्रवास

या दृष्टीने रझांची चित्रे क्रमाने पाहिली तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. पॅरिसला गेल्यावर सुरुवातीस त्यांनी दक्षिण फ्रान्समधली खेडी रंगवली. ती घरे चौकोनी, त्रिकोणी, नेटक्या कडांची आहेत, आणि त्यांत एकही माणूस नाही. नुकताच गाव सोडून आलेला माणूस परक्या शहरात घरे पाहतो पण त्यांतले कोणी त्याचे नसते, तशी ती चित्रे आहेत. ब्रेसाँने सांगितलेली बांधणी मात्र त्यांत पक्की झाली.

पुढे त्यांनी जाड तैलरंग वापरला, आणि घरांच्या कडा रंगात विरघळू लागल्या. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पाहुणे अध्यापक म्हणून गेले. अमेरिकेतल्या नव्या चित्रकारांचे मोकळे काम पाहून त्यांचाही हात सुटला. तैलरंगापेक्षा लवकर वाळणारा ॲक्रिलिक रंग त्यांनी पुढे घेतला. आता घरे गेली, झाडे गेली, उरले फटकारे. काळ्याच्या पोटातून तांबडा आणि पिवळा रंग उसळतो, वणवा पेटावा तसा. ‘ला तेर’, म्हणजे माती किंवा पृथ्वी, हे नाव त्यांनी एकाहून अधिक चित्रांना दिले. फ्रान्समध्ये बसून, फ्रेंच नाव देऊन, रंगवले आहे ते मंडल्याचे रान.

गाव डोळ्यांपुढून जितके दूर गेले तितके ते चित्रात खोल उतरत गेले, असे म्हणावे लागते. आमच्या ओळखीचे जे कामगार पुण्या-मुंबईस गेले, त्यांच्याही बाबतीत आम्ही हेच पाहिले. पहिल्या वर्षी ते गावाची बातमी विचारतात. दहाव्या वर्षी बातमी विचारीत नाहीत. पण पहिल्या पावसाचा वास आला की बोलता बोलता गप्प होतात. तपशील झडून जातात आणि सत्त्व उरते. अमूर्त कलेची याहून सोपी व्याख्या आम्हांला ठाऊक नाही.

एवढे यश मिळूनही १९७० नंतर रझा अस्वस्थ झाले. आपण पॅरिसच्या पद्धतीने चांगले रंगवतो, पण यात आपले असे काय आहे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. ते वारंवार भारतात येऊ लागले. अजिंठा आणि वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान असे ते हिंडले. या भटकंतीतून १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रात बिंदू आला.

फिरणे आणि स्थिर राहणे

बिंदूची चित्रे दिसावयास सोपी आहेत. चौकोनी कॅनव्हासवर एक मोठे वर्तुळ, पुष्कळदा काळे; त्याच्याभोवती वर्तुळांमागून वर्तुळे, किंवा खाली त्रिकोण, आडव्या-तिरप्या रेषा, रंगांच्या पट्ट्या. काळा, पांढरा, तांबडा, निळा आणि पिवळा हे रंग त्यांनी पंचमहाभूतांशी जोडले. काही चित्रांची नावे ‘बीज’, ‘अंकुरण’, ‘पंचतत्त्व’ अशी आहेत. काळा रंग त्यांच्या लेखी शोकाचा नव्हता. बी मातीखाली काळोखातच रुजते. कपाशी पेरणाऱ्या आपल्या भागात तरी हे कोणाला पटवून द्यावयास नको.

आता यात हालचाल कोठे आहे? पूर्वी मळणीच्या वेळी खळ्याच्या मधोमध मेढ पुरीत आणि तिच्याभोवती बैल फिरवीत. मेढ हलत नसे, म्हणूनच बैलांना फिरता येई. मेढ नसती तर बैल चालले असते, पण खळ्याबाहेर गेले असते आणि एकही दाणा सुटला नसता. बैलगाडीच्या चाकाचेही तेच. आस जागचा हलला की चाक फिरावयाचे थांबते. रझांचा बिंदू ही मेढ आहे. नजर त्याच्यापासून निघते, कडेपर्यंत जाते, आणि कड लागली की परत आत वळते. जाणे आणि परत येणे ही दोन कामे ते चित्र पाहणाऱ्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेते. म्हणून रझांच्या चित्रात घरी येणारा माणूस शोधू नये. घरी येण्याची क्रियाच तेथे रंगवलेली आहे, आणि ती करणारे आपण, पाहणारे, असतो.

या दृष्टीने १९८१ चे ‘माँ’ हे चित्र फार मोलाचे आहे. काळा बिंदू आहे, सभोवार तापलेल्या मातीचे रंग आहेत, आणि खाली देवनागरीत कवी अशोक वाजपेयी यांची एक ओळ लिहिलेली आहे. परत येईन तेव्हा काय घेऊन येऊ, असे मुलगा आईस विचारतो, असा तिचा भाव आहे. ज्या आईस उद्देशून हे चित्र आहे ती जाऊन तेव्हा चौतीस वर्षे लोटली होती. भाषा, लिपी, आई आणि माती या चारही गोष्टी चित्रकाराने एका कॅनव्हासवर आणल्या, त्या पॅरिसमध्ये. फ्रेंच प्रेक्षकाला ती ओळ वाचता येणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ते पत्र त्यांनी घरच्यांसाठी लिहिले.

यावर एक शंका घेतली जाते. मुसलमान घरात जन्मलेल्या माणसाने बिंदू, बीज, पंचतत्त्व रंगवावे हे कसे? ज्यांनी गिरडची टेकडी चढली आहे त्यांना या प्रश्नाचे फारसे नवल वाटू नये. शेख फरीदांच्या दर्ग्याला जाणारा माणूस वर जाताना शेजारच्याची जात विचारीत नाही. रझा मशिदीत जात, देवळात जात, चर्चमध्येही जात. ज्या मातीत आपण वाढलो तिच्यातली सर्व प्रतीके आपल्या वारशाची आहेत, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि तिची किंमत त्यांनी फाळणीच्या वेळीच मोजली होती.

इतर वाटा

परत येण्याची वाट सर्वांची सारखी नसते. अकोल्यात जन्मलेले अंबादास खोब्रागडे हे रझांच्याच वयाचे, जन्मसालही १९२२. तेही अमूर्त चित्रकार. रंगाचे वाहते, वळसे घेणारे फटकारे हे त्यांचे वैशिष्ट्य. पुरात ओढा वाहावा तसे त्यांचे चित्र वाहते. ते १९७२ मध्ये नॉर्वेस गेले आणि २०१२ मध्ये ओस्लो येथेच वारले. प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले सदानंद बाकरे १९५१ मध्ये लंडनला गेले, १९७५ मध्ये परतले, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी समुद्राकाठी, प्रसिद्धीपासून दूर राहिले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा. ते देशातच राहिले, पण आपल्या चित्रांत कोणतेही गाव किंवा आठवण शोधू नये असा त्यांचा आग्रह होता. चित्रांना ते नावेही देत नसत.

चौघेही अमूर्ताकडे गेले, आणि चौघांचे नाते विदर्भाशी किंवा महाराष्ट्राशी आहे. एक परतला आणि गाजला, एक परतला आणि विसरला गेला, एक परतलाच नाही, एकाला परतण्याचा प्रश्नच निरर्थक वाटला. यांतील कोणाचे बरोबर असे ठरवणे व्यर्थ आहे. अंबादासांच्या चित्राला मेढ नाही, प्रवाह आहे. आणि प्रवाहातही खरे आयुष्य असते, हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या माणसांना विचारावे.

परतीची किंमत

आता एका कठीण प्रश्नाकडे येऊ. रझांचे १९८३ चे ‘सौराष्ट्र’ हे चित्र २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे सोळा कोटी रुपयांस गेले. २०२३ मध्ये मुंबईत त्यांच्या दुसऱ्या एका चित्रास पन्नास कोटींच्या वर किंमत आली. त्याच वर्षी पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. हे ऐकून आमचा एखादा कामगार म्हणेल, ‘भाऊ, गावाची आठवण आम्हांलाही येते, पण तिचे कोणी चार आणे देत नाही.’ त्याचे म्हणणे खरे आहे, आणि त्याला ‘कला किमतीपलीकडची असते’ असे गुळमुळीत उत्तर देणे आम्हांला साधणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप लांबला, आणि हजारो लोक कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतले. ते परतणे उत्सवाचे नव्हते. हातात काही नसताना, भावाच्या जमिनीच्या तुकड्यावर ओझे होऊन परतणे होते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा हैदराबादकडून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने, आपल्या जामच्या चौकातून, बाया-माणसे पोरे काखेत घेऊन उत्तरेकडे चालत गेलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्याही मनात एक बिंदू होता. पण पायांत चप्पल नव्हती. परत येण्याविषयी कोणी सुंदर बोलू लागला म्हणजे हा रस्ता डोळ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांला वाटते. रझांचे जाणे स्वखुशीचे होते. या माणसांना गाव सोडावयास पोटाने लावले आणि गावाकडे धावावयास भीतीने.

मग रझांच्या चित्रांचा त्यांच्याशी संबंध काय? आमच्या मते संबंध आहे, आणि तो हा की ती चित्रे परतण्याच्या ओढीला प्रतिष्ठा देतात. शहरातला मालक, मुकादम आणि कित्येकदा सरकारही गावाकडे ओढ घेणाऱ्या कामगाराकडे बेभरवशाचा माणूस म्हणून पाहते. पेरणीला, लग्नाला, पोळ्याला तो खाडा करतो, म्हणून त्याचा रोज कापला जातो. आमच्या कित्येक वाटाघाटी या खाड्यांवर झाल्या आहेत. ज्याला मेढ नाही त्याला कोणीही कोठेही हाकावे; ज्याला मेढ आहे तो परत वळतो, आणि म्हणूनच तो पुरता विकला जात नाही. जगातल्या मोठ्या चित्रकारांत ज्याची गणना होते त्या माणसाने आपली सारी ताकद नेमक्या याच ओढीवर खर्च केली. ती ओढ दुबळेपणाची असती तर तिच्यातून एवढे काम उभे राहिले नसते.

मंडल्याची माती

पत्नीचे २००२ मध्ये निधन झाले. २०१० च्या अखेरीस, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असताना, रझा दिल्लीस कायमचे परतले. तरुण कलावंत आणि कवींना साहाय्य करण्यासाठी त्यांच्या नावाचा न्यास आधीच स्थापन झालेला होता. अखेरच्या वर्षांतही ते नेमाने रंगवीत असत. या काळात त्यांनी गांधीजींवर ‘परिक्रमा’ नावाची चित्रमालिका केली. त्यांत गांधीजींचा चेहरा, काठी, चष्मा यांतले काही नाही. परिक्रमा म्हणजे मध्याभोवती फिरणे. नर्मदेकाठच्या मुलाला हा शब्द शिकावा लागला नसेल. नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू त्या काठाने चालतच असतात.

२३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यास नेऊन वडिलांच्या कबरीशेजारी पुरण्यात आले. फिरत फिरत रेषा सुरुवातीच्या ठिपक्याला येऊन मिळाली.

शेवटी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधून हा लेख पुरा करतो. रझांच्या बिंदूचे श्रेय द्यावयाचे तर पॅरिसच्या आधी ककैयाच्या प्राथमिक शाळेस द्यावे लागते. त्या मास्तरांपाशी पुस्तके नव्हती, रंग नव्हते. एक भिंत होती आणि एका चंचल मुलाविषयी आस्था होती. आपल्या तालुक्यातून आजही मुले बाहेर जातात, आणि पुढेही जातील. त्यांना अडवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. मात्र ती जाताना मनात काय घेऊन जातात, आणि परत वळावेसे वाटले तर येथे त्यांच्यासाठी काय उरलेले असते, हे आपल्या हाती आहे. शाळा बंद पडली, वाचनालयाला कुलूप लागले, जिनिंग मोडून भंगारात गेले, तर ओढ असूनही कोणी कोठे यावे? तेव्हा पटसंख्या कमी म्हणून एखाद्या गावची शाळा बंद करण्याचा विषय निघेल, त्या दिवशी ककैयाची भिंत आठवावी, आणि ग्रामसभेस जाऊन बसावे.